हयात बहिणीचं सुवर्णपदक

"आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून कैलासवासी मैनाताईंना श्रद्धांजली वाहू या," असं सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली आणि सभागृहातल्या खुर्च्या करकरल्या. दत्तोबाही उठला. उठला म्हणजे गुडघ्यांनी त्याला उठवलं, डोकं अजून खुर्चीतच होतं. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं. तिच्यात दीपप्रज्वलन होतं, स्वागतगीत होतं, दात्याचा सत्कार होता, सुवर्णपदक होतं, आभार आणि चहा होता. श्रद्धांजली कुणीतरी ऐन वेळी घुसडली. आणि आता विद्यापीठाच्या त्या थंड सभागृहात, व्यासपीठावर पाहुण्यांच्या रांगेत, सत्काराची शाल घसरू नये म्हणून ती एका हातानं धरून दत्तोबा आपल्या बहिणीच्या मरणाचा शोक करत उभा होता. त्याच वेळी त्याची बहीण विश्रांतवाडीला, दुपारची झोप उरकून, चहात साखर कमी पडली म्हणून सुनेला बोलत बसलेली असणार होती.

मैना हयात होती. चांगली ठणठणीत होती. कवळी सोडली तर तिच्या अंगात उसनं असं काही नव्हतं. आणि हे त्या सभागृहात एकट्या दत्तोबाला ठाऊक होतं. घरच्यांपैकी कुणाला त्यानं येऊ दिलं नव्हतं. "फोटो काढतात, शाल देतात, तासभर बसवून ठेवतात, तुम्ही कशाला तिष्ठता?" असं म्हणून तो धायरीहून एकटा रिक्षा करून आला होता. मुलगा श्रीधर खूश होता, कारण देणगीवर करात सूट होती. त्यापलीकडे त्यानं काही विचारलं नव्हतं. हल्लीच्या मुलांचं हे एक बरं असतं.

दत्तोबानं मान खाली घातली, कारण बाकीच्यांनी घातली होती. तशी घातल्यावर त्याला आपले बूट दिसले आणि बुटांच्या पलीकडे, पायघडीच्या टोकाला टेकवून ठेवलेलं मैनाचं चित्र दिसलं. चित्रात एक मुलगी होती. दोन वेण्या, निळ्या फिती, छातीशी धरलेली पुस्तकं. फोटो नाही असं दत्तोबानं सांगितल्यावर विद्यापीठानं आपल्याच कलाशाखेच्या कुणाकडून तरी ते काढून घेतलं होतं आणि त्यावर चंदनाचा हार घातला होता. ती मुलगी मैनासारखी मुळीच दिसत नव्हती. सदाशिव पेठेतल्या एखाद्या घरची, दोन वेळा दूध पिणारी मुलगी असावी तशी ती होती. पण दत्तोबाकडे बघत मात्र मैनासारखीच होती, म्हणजे काही न विचारता.

खरं तर थापा हा दत्तोबाचा गुन्हा नव्हता, तो त्याचा लौकिक होता. धायरीत देवळाच्या पारावर संध्याकाळी त्याच्याभोवती माणसं बसत ती ह्यासाठीच. धरण फुटलं त्या साली कालव्यातून एक मगर हवालदाराची टोपी घालून आली आणि वडगावपर्यंत तिला सगळ्यांनी रामराम घातला, ही गोष्ट त्यानं इतक्या वेळा सांगितली होती की गावातले दोघेतिघे आता आपण स्वतः रामराम घातल्याचं शपथेवर सांगत. शेतं गेली, इमारती आल्या, पाराला फरशी बसली, तरी मगर पोहतच होती. थाप ही अशी चीज आहे की ती कुणाचं काही खात नाही, उलट चार माणसांना संध्याकाळभर पुरते. हे दत्तोबाचं तत्त्वज्ञान होतं आणि एक जागा सोडली तर ते त्याला सगळीकडे उपयोगी पडलं होतं. त्या एका जागेवरून तो आयुष्यभर, पाय ओला होऊ नये म्हणून डबकं टाळावं तसा, वळसा घालून गेला होता.

सभागृहात कुणीतरी खोकलं. पंख्याचं एक पातं दर फेऱ्याला कुरकुरत होतं. पहिल्या रांगेतल्या एका प्राध्यापकानं हळूच घड्याळ पाहिलं. नीरजा मॅडम मात्र डोळे मिटून उभ्या होत्या, खरोखर मिटून, पापण्या दाबून. ह्याच बाईच्या टेबलासमोर, देणगी कक्षात, पावसाळा संपता संपता तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. "द्यायचंय, पण कसं द्यायचं ते कळत नाही," असं त्यानं म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं होतं.

"पुष्कळ प्रकार आहेत. इमारतीला नाव देता येतं, पण सध्या इमारत शिल्लक नाही. एक स्वच्छतागृहांचा ब्लॉक बांधतोय, त्याला सहसा कुणी आईवडिलांचं नाव देत नाही. अध्यासन देता येतं, ते तुम्हाला झेपणार नाही असं नाही, पण त्यावर बसायला विद्वान मिळत नाही. व्याख्यानमाला घ्या. वक्ता आमचा, श्रोते तुमचे."

"पुस्तकं दिली तर?"

"पुस्तकं नकोत. घर रिकामं करायचं झालं की लोकांना ग्रंथालयाची आठवण येते."

"आन मेल्यावर?"

"मृत्युपत्रात लिहून ठेवता येतं. ते आम्हाला फार आवडतं. पण दाते हल्ली जगतात फार." मॅडमनी हे इतक्या सरळ तोंडानं म्हटलं की दत्तोबाला ती बाई आवडली. "देहदान म्हणत असाल तर ते वैद्यकीयला. इथे भूगोलवाले तुमचा देह घेऊन काय करतील? पदक द्या. सुवर्णपदक. गणिताची भरलीत, संस्कृतला रांग आहे, भूगोलात जागा आहे. कुणाच्या नावानं?"

"बहिणीच्या. मैना."

"कधी वारल्या?"

आता इथं खरं सांगायला दत्तोबानं तोंड उघडलं होतं, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. "जित्या माणसाच्या नावानं देता येत नाही का?" असं त्यानं विचारलंही. "येतं की," मॅडम म्हणाल्या, "उलट बरंच. त्यांना समारंभाला आणा. मनोगत घेऊ त्यांचं. किती शिकल्या, शिक्षण का राहिलं, घरच्यांनी काय केलं. मुलींना प्रेरणा मिळते." आणि दत्तोबाला त्या टेबलावरच्या पेपरवेटच्या काचेत मैना दिसली. नऊवारी लुगडं, ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरलेला, मान किंचित तिरकी. समोर माणसं. शिक्षण का राहिलं, मैनाताई? "नाही," दत्तोबा म्हणाला, "वारली. लहानपणीच."

"अरेरे. कशानं?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारायला नको होता. गवयाला तंबोरा द्यावा तसा हा प्रश्न होता. कालव्याच्या कडेनं मैना शाळेला निघाली होती, दत्तोबा सांगू लागला, दरवाजे सोडल्यानं पाणी चढलं होतं, कड खचली; पोरगी वाहत गेली पण हात वर होते, आणि हातांत पुस्तकं होती, आणि खाली लोकांनी तिला काढली तेव्हा ती गेलेली होती पण पुस्तकं, मॅडम, पुस्तकं कोरडी होती. पुस्तकं कोरडी ठेवली तेव्हा आपण जरा जास्तच ताणलं असं त्याला वाटलं. पण नीरजा मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि परत घालायला त्यांना वेळ लागला. चष्म्यावरून बघणारी पुण्यातली बाई रडते आहे हे बघून दत्तोबाला आधी थोडा अभिमान वाटला. मग तो घरी गेला आणि त्याला जेवण गेलं नाही.

कारण कालवा खरा होता, वाट खरी होती, आणि मैना पुढं चालत असायची हेही खरं होतं. ती नेहमी पुढं. तिच्या एका हातात तिची पाटी आणि दुसऱ्यात दत्तूची, कारण दत्तूचे हात चिंचा पाडण्यात गुंतलेले. चौथी झाली तेव्हा श्रीनिवास गुरुजी सायकल अंगणात लावून घरी आले आणि वडिलांना, म्हणजे सोनबांना म्हणाले, "मुलीला पाचवीला वडगावला घाला. मी येताजाता बरोबर नेईन. मुलगी फार पुढे जाईल. ह्याचं म्हणाल तर," आणि त्यांनी दत्तूच्या डोक्यावर मायेनंच टपली मारली, "ह्याला म्हशींमागे धाडलंत तरी चालेल." सोनबा हसले. आई हसली. मैना हसली नाही, हे दत्तोबाला आजही दिसत होतं; तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि गुरुजींना म्हणाली, "ह्यो बी येईल की, मी शिकवीन त्याला." ती तसं म्हणाली नसती तर कदाचित पुढचं झालं नसतं. टपली त्यानं पचवली असती, दया पचली नाही.

त्याच आठवड्यात कधीतरी, चुलीपाशी, त्यानं आईला सांगितलं. कालव्याच्या वळणावर, करंजाच्या झाडाखाली, हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी राहते. ती मैनाला नावानं हाक मारते. आणि मैना ओ देते. एवढंच. हवालदाराच्या टोपीची कारागिरी तेव्हा त्याच्या हातात नव्हती, पण पहिलीच गोष्ट त्यानं अशी सांगितली की तीत एकही शब्द जादा नव्हता. आई सोजरबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली. हाक येणं एक वेळ ठीक, ओ देणं म्हणजे संपलं. कात्रजच्या बाजूचा भैरू देवऋषी आला. त्यानं मैनाला अंगणात बसवून मिरच्यांची धुरी दिली, लिंबाचा डहाळा हातात घेतला आणि विचारलं, कोण हाईस तू? मैना म्हणाली, मी मैना. डहाळा बसला. कोण हाईस? मी मैना. पुन्हा बसला. दत्तू दाराआड उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, ते वाक्य तोंडात होतं, गूळ असावा तसं जिभेला चिकटलेलं, आणि धुरीनं सगळ्यांचेच डोळे वाहत असल्यानं त्याच्या रडण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी मैनानं धुरातून मान वर केली, बरोबर दाराकडे पाहिलं आणि देवऋषीला म्हणाली, "व्हय. मी ती बाई हाय." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि त्या क्षणी दत्तूला खरंच हिरवं लुगडं दिसलं.

शाळा थांबली. कालव्याकडं जाणं थांबलं. वडगावला गुरुजींच्या सायकलमागून दत्तू गेला, मैनाची पाटी घेऊन, कारण ती कमी फुटकी होती. पुढं मैनाला स्थळ पाहिलं तेही मुद्दाम लांबचं, विश्रांतवाडीचं, दोन नद्या ओलांडून, म्हणजे जे काही मागं लागलं असेल ते पाण्याअलीकडे राहावं. जमिनीचे पैसे आले तेव्हा बहिणीचा हिस्सा दत्तोबानं न मागता, चोख दिला; त्या बाबतीत त्याला गावात कुणी नाव ठेवू शकत नव्हतं आणि म्हणूनच ते देणं त्याला कधी पुरेसं वाटलं नाही. मैना दर राखीला आली, दर भाऊबिजेला तिनं ओवाळलं. त्या अंगणाबद्दल एक शब्द तिनं काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर माणूस त्या झेलतो, परत देतो. तिनं ओवाळून त्याच्या तोंडात लाडू घातला, आणि इतक्या वर्षांचे ते लाडू दत्तोबाच्या घशाशी कुठंतरी अजून होते. म्हणून पदक. म्हणून विद्यापीठ. तिला द्यायचं, पण तिच्या हातात नाही. मेलेल्या माणसाला द्यायला सोपं पडतं, ते घेताना तुमच्याकडे बघत नाही.

"धन्यवाद," सूत्रसंचालिका म्हणाली आणि खुर्च्या परत करकरल्या.

पुढचं दत्तोबाला पाण्याखालून दिसावं तसं दिसलं. पदक मिळालेली मुलगी आली, त्याच्या पाया पडली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, त्यांची पुस्तकं आहेत का हो अजून? मला एकदा बघायचीत." "आहेत," दत्तोबा म्हणाला. जीभ आपोआप चालली, जुन्या बैलासारखी. चहाच्या वेळी वर्तमानपत्राचा एक तरुण आला, त्यानं चित्राचा फोटो काढला, दत्तोबाला चित्राशेजारी उभं करून आणखी एक काढला आणि पुस्तकं कोणकोणती होती ते विचारून घेतलं.

"छापणार?"

"उद्याच्या अंकात. पुणे पुरवणीला पहिल्या पानावर. स्टोरी एकदम स्ट्राँग आहे काका."

"उद्याच? जरा दमानं—"

"शिळ्या बातम्या आम्ही छापत नाही," तो तरुण बिस्किट चहात बुडवत म्हणाला.

आता विश्रांतवाडीला एक गोष्ट रोज होत असे आणि ती दत्तोबाला ठाऊक होती. मैनाची सून शकू सकाळी चहाबरोबर तिला पेपर वाचून दाखवी, सासूचे डोळे आता बारीक अक्षराला पुरत नव्हते. उद्या सकाळी शकू पुरवणी उघडणार, धायरीचं नाव बघणार, मामांचा फोटो बघणार आणि सासूला तिच्याच मरणाची बातमी मोठ्यानं वाचून दाखवणार. लहानपणीच गेली, भावानं डोळे पुसत सांगितलं. त्यानंतर मैना ओवाळायला येणार नाही. कदाचित येईल आणि काही बोलणार नाही, ते अधिक वाईट. दत्तोबा चहा संपवायला थांबला नाही. फाटकातल्या रिक्षावाल्याला त्यानं विश्रांतवाडी सांगितलं. "मीटरवर परवडत नाही," रिक्षावाला म्हणाला आणि शालीकडे बघून पुढं जोडलं, "सत्कारमूर्तींना तर नाहीच." एरवी दत्तोबानं त्याला परतीचं उत्तर दिलं असतं. आज तो मुकाट बसला आणि नदीचा पूल येईपर्यंत खरं कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत राहिला. पूल आला, आणि प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं त्या अंगणात आणि धुरात विझायचं. दुसरा पूल आला तेव्हा त्याच्याकडे खऱ्याचं एकही वाक्य नव्हतं, आणि थापेचं एक होतं, तयार, गोल, नेहमीसारखं.

मैना पलंगावर मांडी घालून मटार सोलत होती. समोर टीव्हीवर कुणीतरी सुनेला घराबाहेर काढत होतं.

"आज काय, वाट चुकला?" ती म्हणाली. "आन ही शाल कुणाची पळवली?"

शकूनं पाणी आणलं, "बरे आहात ना मामा" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दत्तोबा स्टुलावर बसला.

"मैना, तुला सांगितलं न्हवतं. भाऊबिजेला तू गच्चीत वाळवण काढत व्हतीस बघ, तवा तुझ्या डोक्याला कावळा शिवून गेला."

मैनाचा हात थांबला. ही रीत ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, कावळा अंगाला शिवला की ते त्या माणसाचं बोलावणं. मग काय करायचं, तर सोयऱ्यांत त्याच्या मरणाची खोटी बातमी धाडायची. ती ऐकून आपली माणसं रडली की यम फसतो, काम झालं समजून माघारी फिरतो. मग निरोप द्यायचा की माणूस जितं आहे, तोंड गोड करा. जुन्या धायरीत अशी मरून उठलेली माणसं घरटी एक तरी होती.

"मग?"

"मग म्या तुझं उतरवलं. तू मेलीस म्हणून सांगितलं. इद्यापीठात. तुझ्या नावानं सोन्याचं पदक ठेवलंय, भूगोलाला. उद्या पेपरात येईल, तवा घाबरू नगस."

मैनानं एक शेंग दाबून फोडली. दाणे पातेल्यात टपटपले. "कशानं मेले?"

"कालव्यात. शाळंला जाताना."

"शाळंला," ती म्हणाली. टीव्हीतल्या सुनेनं पिशवी उचलली. "फोटू कुठला दिलास?"

"चित्र काढलंय. दोन वेण्या, फिती."

"माझं केस काय फितीचं व्हतं का? तेलाला पैका न्हवता." मग पुढची शेंग घेत, "पाटीदप्तराचं काय झालं?"

"पुस्तकं वर धरली व्हतीस. कोरडी ऱ्हायली."

मैनानं हातातलं साल बाजूला ठेवलं. "ते बरं सांगितलंस," ती म्हणाली, आणि दत्तोबाला वाटलं, निभावलं. स्टुलावर त्याची पाठ सैल झाली. शकूला चहा टाक म्हणायला तो तोंड उघडणार, एवढ्यात मैनानं टीव्ही बंद केला.

"मग रडलं कोण?"

"आं?"

"मेले म्हणून सांगितलंस, तर रडलं कोण?"

"सगळी उभी ऱ्हायली. मोठी मोठी माणसं. दोन मिनिटं, गप."

"उभं ऱ्हाऊन काय व्हतंय? यम काय मास्तर हाय, उभं ऱ्हायल्यावर खूश व्हायला?"

"एका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं."

"ती रगताची न्हवं. म्हायेरच्या रगताच्या माणसानं रडाय लागतं. आय गेली, बा गेला. माझ्यामागं रगताचा तूच." तिनं मटारचं पातेलं बाजूला सरकवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. धुरातून पाहिलं होतं तसं नाही. अगदी स्वच्छ, जवळून, कवळीतल्या दातांसकट. "तू रडलास का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. हंबरडा फोडला म्हणायचं, चार जणांनी धरलं म्हणायचं, कुलगुरूंनी आपला रुमाल दिला म्हणायचं. सगळं तयार होतं, ओळीनं उभं होतं, आणि दत्तोबानं जीभ हलवली तर ती हलेना.

"न्हाई," तो म्हणाला.

"मग उतरलंच न्हाई की माझं." मैनानं पलंगावरची चादर हातानं सारखी केली, जागा केली. "ये. हितं बस."

तो उठला आणि तिच्या शेजारी बसला. शाल मांडीवर गोळा झाली. स्वयंपाकघरात शकूचं भांडं वाजलं आणि थांबलं.

"रड," मैना म्हणाली.

दत्तोबानं डोळे मिटले. त्यानं अंगण आणलं, डहाळा आणला, "मी मैना, मी मैना" आणलं, गळा दाटून यावा म्हणून जे जे होतं ते सगळं ओढून आणलं. ते सगळं आलं आणि समोर उभं राहिलं, त्या सभागृहातल्या माणसांसारखं, मान खाली घालून, गप. डोळे कोरडे. त्यानं पापण्या दाबल्या, तोंड वाकडं केलं, नाकातून एक आवाज काढला. तो आवाज त्याचा त्यालाच खोटा वाटला आणि तो थांबला.

"व्हईल," मैना म्हणाली. तिनं पातेलं परत मांडीवर ओढलं, एक शेंग घेतली. "घाई न्हाई. मी बसले हाय."